फाशांचे कूळ

जुगार पाप आहे हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, कोजागरीच्या पूजेत फासे का सांगितले आहेत, हा प्रश्न कुणाला पडत नाही. आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ती धन देऊ करते ते फासे खेळत जागणाऱ्याला, हा त्याच वचनाचा उत्तरार्ध मात्र मसाला दुधाच्या पातेल्यात कधीच विरघळून गेला. पुढे दिवाळीत कार्तिक शुद्ध प्रतिपदा येते. आपण तिला पाडवा म्हणतो, पण जुन्या निबंधग्रंथांच्या लेखी ती द्यूतप्रतिपदाही आहे: सकाळी डाव मांडावा, जिंकेल त्याला वर्ष चांगले जाते. आधार म्हणून शंकर-पार्वतीच्या डावाची कथा सांगतात आणि त्यात शंकर हरतो. वेरूळला 21 क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात, हा डाव दगडात कोरलेला आहे. वर नवरा-बायको खेळात रंगलेले, खाली गणांनी नंदीची थट्टा मांडलेली. प्रसंग सगळा घरगुती चेष्टेचा. ज्या परंपरेने महादेवाला फाशांवर बसवले, तिने पाप म्हटले असेल तर नेमके कशाला? माझे म्हणणे असे की, फासे टाकण्याच्या कृतीवर तिचा राग फारसा कधी नव्हताच. झगडा होता तो डाव कुठे, कुणाच्या नजरेखाली आणि काय पणाला लावून खेळला जातो याचा.

वेदकाळातले फासे म्हणजे बेहड्याची फळे, त्रिफळा चूर्णात पडतो तोच बेहडा. त्यांच्यावर ठिपके नसत. अभ्यासकांनी जुळवलेली रीत अशी: जमिनीत केलेल्या उथळ खळग्यात फळांचा ढीग ओतायचा, त्यातली ओंजळभर उचलायची आणि चाराचाराने मोजायची. काहीच उरले नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन तर द्वापर, आणि एकच उरले तर कली, म्हणजे हार. युगांना हीच नावे पुढे मिळाली, यावरून हा खेळ समाजाच्या किती आत मुरलेला होता ते कळते. तो यज्ञातही होता. अग्न्याधानाच्या विधीत गाय पणाला लावून डाव होई आणि जिंकलेले सभेत बसलेल्यांना वाटले जाई. राजसूयात राजाच्या हातावर पाच फासे ठेवत आणि पाची दिशा त्याच्या झाल्या असे म्हणत. फाशांची व्यवस्था पाहणारा अक्षावाप हा राजाच्या ‘रत्नीं’पैकी, म्हणजे मानाच्या दरबारी मंडळींपैकी, एक असे. आपस्तंब धर्मसूत्र तर राजाला सांगते की, सभेच्या मध्यभागी खेळाची जागा तयार करून घे, तिथे बेहड्याचे फासे ठेव, आणि शुचिर्भूत, खरे बोलणाऱ्या आर्यांना खेळू दे. यज्ञातल्या या डावांत पण आधी ठरलेला असे, खेळ चारचौघांत होई आणि जिंकून कुणी गब्बर होत नसे.

यावर पहिला आक्षेप ऋग्वेदातूनच येतो. दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे रडगाणे आहे, मग निषेध पहिल्यापासूनच होता ना? होता, पण कशाचा ते पाहावे. त्या सूक्तात बायको दूर लोटते, सासू तिटकारा करते, आई मुलाच्या काळजीने झुरते, कर्ज झालेला माणूस रात्री दुसऱ्याच्या घराकडे वळतो. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो प्रायश्चित्ताचा नव्हे, शेती करण्याचा. नरकाचा उल्लेख नाही. मोडलेल्या घराची ही यादी आहे. बौद्धांच्या सिगालोवाद सुत्तातही हाच हिशेब सापडतो: जिंकणारा वैर ओढवतो, हरणारा पैशासाठी झुरतो, जुगाऱ्याच्या साक्षीला सभेत किंमत राहत नाही, त्याला कुणी मुलगी देत नाही. परंपरेने ज्याच्या नावावर हे सूक्त घातले त्या कवष ऐलूषाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ऐतरेय ब्राह्मणानुसार सरस्वतीकाठच्या सत्रातून ऋषींनी त्याला दासीपुत्र आणि जुगारी म्हणून हाकलले. पण ओसाड जागी त्याला जलदेवतेचे सूक्त स्फुरले, नदी त्याच्याभोवती वळली, आणि ऋषींनी मुकाट्याने त्याला परत बोलावले. जुगारी हा डाग होता, पण धुता येणारा.

दुसरा आक्षेप मनूचा, आणि तो जड आहे. मनू द्यूताला आणि कोंबडे-मेंढे झुंजवून लावलेल्या पैजांना उघड चोरी म्हणतो, राजाने दोन्ही मोडून काढावे असे सांगतो, करमणुकीसाठीसुद्धा खेळू नये म्हणतो. जुगाऱ्याला तो श्राद्धाच्या पंक्तीतूनही उठवतो. तरी हा निषेध आहे कुठे, तर राजाच्या कारभारात. राजाच्या व्यसनांत मनू दारू आणि फासे शेजारी बसवतो. पापांची मोजदाद सुरू झाली की सुरापान महापातक ठरते आणि फासे त्या ओळीत दिसत नाहीत. बौधायन द्यूताला पापात धरतो, पण महापातके आणि उपपातके आटोपल्यावर, माणसाला अशुची करणाऱ्या कृत्यांच्या तिसऱ्या, हलक्या गटात.

शिवाय मनूचे इतर शास्त्रकारांनी ऐकले नाही. कौटिल्य द्यूताध्यक्ष नेमतो, खेळ एकाच ठिकाणी बांधतो, बाहेर खेळणाऱ्याला 12 पणांचा दंड ठेवतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा 5 घेतो. कारणही लपवत नाही: चोरटा पैसा जुगाराच्या अड्ड्यावर येतो, तिथे पाळत ठेवली की चोर सापडतात. (हे वाचताना एखाद्या मुरलेल्या फौजदाराची आठवण यावी.) याज्ञवल्क्यही अड्डेवाल्याचा वाटा ठरवून देतो, त्यातून राजाचा भाग भरायला लावतो. बृहस्पती तर दोन्ही मते शेजारी मांडतो: मनूने सत्य, शुद्धता आणि धन बुडते म्हणून बंदी घातली, इतरांनी राजाला वाटा मिळतो म्हणून मोकळीक दिली. महाराष्ट्रात वारसाच्या कज्ज्यांत जिचा शब्द प्रमाण मानला गेला ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली. ती मनूच्या बंदीला अशी वाट काढून देते की, ती बंदी खोट्या फाशांच्या आणि सरकारी देखरेख नसलेल्या डावांपुरती समजावी. मनूला यापेक्षा सफाईने गुंडाळता आले नसते.

मग राजाची नजर असली की डाव निर्दोष, असे मानायचे का? इथे मला शास्त्रकारांपेक्षा महाभारत शहाणे वाटते. हस्तिनापूरचा डाव चोरून खेळला गेला नव्हता. खास बांधलेली सभा होती, धृतराष्ट्र समोर होता, भीष्म-द्रोण साक्षीला होते, म्हणजे जागा आणि देखरेख या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. युधिष्ठिराचा राजसूय नुकताच झाला होता आणि आव्हान नाकारायचे नाही हा त्याचा नेम होता. व्हॅन ब्यूटेननसारखे अभ्यासक तर या डावाचा सांधा राजसूयातल्या विधीशीच जोडतात. सुटले होते ते पणाचे बंधन. गायीच्या जागी आधी रत्ने आली, मग राज्य, भाऊ, स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. तिने सभेला विचारले ते द्यूत पाप आहे की नाही हे नव्हे. स्वतःला हरून बसलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का, हे विचारले. भीष्मांना उत्तर देता आले नाही. कौटिल्याने दंड, भाडे, टक्केवारी सगळे ठरवले, पण एका माणसाने एका बैठकीत किती लावावे याची मर्यादा काही घातली नाही, आणि घालण्यात राजाचे हितही नव्हते, कारण त्याचा वाटा डावाबरोबर वाढत होता.

हा हितसंबंध पुढे न्यायालयातही दिसला. बेंगळुरूच्या एका वृत्तपत्रातून बक्षीस-स्पर्धा चाले आणि तिचे खेळणारे मुंबई राज्यातही होते. त्या स्पर्धेचा खटला 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकालात ऋग्वेद, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य, कौटिल्य आणि बृहस्पती या सर्वांना साक्षीला बोलावले, आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण द्यावे असा व्यापार नाही, असे ठरवले. पण मुळात मुंबई सरकार न्यायालयात उभे होते ते या स्पर्धेवरचा आपला कर शाबूत ठेवण्यासाठी. बारा वर्षांनी, 1969 मध्ये, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली, तर पुढे गोव्यात मांडवीच्या पात्रात परवानाधारक कॅसिनोंची जहाजे उभी राहिली. बृहस्पतीच्या दोन मतांपैकी कुठले चालू आहे ते तिकिटावर आणि परवान्याच्या शुल्कावर छापलेलेच असते.