परत आलेल्या पत्रावरचा शेरा

श्रोतेहो, टपालाचे पत्र परत आले की आपण आधी त्यावरचा शेरा वाचतो. ‘घर बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘या नावाचा इसम येथे राहत नाही’. पोस्टमन दारापर्यंत जाऊन आलेला असतो, म्हणून तो शेरा आपण खरा मानतो. आता शाळेत आणि कचेरीत ई-मेल आली. तिचे पत्रही शेरा घेऊन परत येते. त्या शेऱ्यावर विश्वास किती ठेवावयाचा, हे त्याचा इतिहास पाहिला म्हणजे उमगते.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचविण्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. एक सर्व्हर, म्हणजे टपाल सांभाळणारा संगणक, दुसऱ्याला पत्र देऊ लागला की दुसऱ्याने तीन अंकी आकड्यात उत्तर द्यावयाचे. पहिला अंक २ असला तर काम झाले. ४ असला तर आत्ता नाही, पुन्हा या. ५ असला तर कायमचा नकार. आकडा यंत्रासाठी, पुढचे वाक्य माणसासाठी. परंतु ५५० या एकाच आकड्यात निरनिराळी कारणे कोंबली जात. म्हणून १९९६ मध्ये जोडीला बारीक खुणा आल्या. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ५.७.१ म्हणजे परवानगी नाही.

मग फसगत होते कोठे? सर्व्हर काही दार ठोठावीत नाही, बरं का! तो आपल्यापुढची यादी पाहतो. पाहण्यात चूक झाली की शेराही चुकला. १५ डिसेंबर २०२० रोजी नेमके हेच घडले. गूगलच्या जीमेलमध्ये व्यवस्था बदलताना ‘जीमेल डॉट कॉम’ऐवजी भलतेच नाव भरले गेले. सर्व्हर त्या नावाखाली माणसे शोधू लागला, आणि काही तास चालू पत्त्यांवरची पत्रेसुद्धा ‘५५० ५.१.१, असे खाते नाही’ म्हणून परत धाडीत राहिला. बिघाड तात्पुरता, शेरा मात्र कायमचा! पुष्कळ टपाल-याद्यांची यंत्रे असे ५ चे शेरे पाहून पत्ता आपोआप बाद करतात. म्हणजे माणूस जागच्या जागी, नाव तेवढे यादीतून गेले. आणि हे त्याला कळवावयाचे कसे? तर पत्रानेच!

तेव्हा शिक्षकबंधूंनो, पत्र परत आले की लगेच नाव खोडू नका. आधी पाहा, शेरा लिहिला कोणी? आपल्याच कचेरीच्या सर्व्हरने, की पलीकडच्याने? मग आकडा वाचा. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या पत्त्यावर पत्र जाते का, तेही पाहा. एकदम दहा जणांची पत्रे परत आली, तर दहाही माणसे एका रात्रीत नाहीशी झाली असे थोडेच आहे? कचेरीतील सर्व्हरच्या नोंदी तपासावयास सांगा, थोडे थांबून पुन्हा पाठवा, आणि शक्य तर त्या माणसाला फोन करा.

कोणताही कागद हाती आला की इतिहासाचा विद्यार्थी विचारतो : हे लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले होते? परत आलेल्या पत्रालाही हाच प्रश्न विचारावा.