सफरचंद दिन
इंग्लंडमध्ये २१ ऑक्टोबरच्या सुमारास भरणारा सामुदायिक फलोत्सव. ‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेने १९९० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथे तो सुरू केला. जुन्या फळबागांबरोबर स्थानिक वाणही नाहीसे होत होते. त्याकडे लक्ष वेधणे हा हेतू. सार्वजनिक उद्यानांत, बागांत फळे चाखणे, रस काढणे, अखंड लांब साल सोलण्याची स्पर्धा असे कार्यक्रम होतात. सर्वांत मोलाचे ते वाण ओळखण्याचे टेबल : परसातले अनोळखी फळ लोक घेऊन येतात आणि जाणकार त्याचा आकार, देठ, देठाजवळची खळगी, आतला गर पाहून नाव शोधतात. बी पेरून मूळ वाण हुबेहूब मिळत नाही, कलमच करावे लागते. म्हणून विसरलेले एकेक झाड महत्त्वाचे. केंटमधील ब्रॉगडेलच्या राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाचे २,००० हून अधिक वाण जपलेले आहेत.