लष्करी काडतुसांची पारख

दीर्घ काळ साठ्यात राहिलेली अथवा सैन्याच्या गरजेपेक्षा जास्त ठरलेली रायफलीची काडतुसे वापरण्यास सुरक्षित व कार्यक्षम आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्याची पद्धती. काडतुसाचे पितळी कवच, दारू, टोपी व गोळी असे चार भाग असतात. प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने व वेगळ्या गतीने खराब होतो. त्यामुळे निर्मितीचे वर्ष किंवा बाहेरची चकाकी यांवरून काडतुसाची योग्यता ठरविता येत नाही. कोरड्या व थंड जागी ठेवलेली काडतुसे पन्नास वर्षांनंतरही नीट उडाल्याची उदाहरणे आहेत. उलट उष्ण व दमट कोठारात ती काही वर्षांतच निकामी होऊ शकतात. ही जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे अनेक अपघातांतून होत गेली.

दारूचे विघटन : जुनी काळी दारू हे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण होय. ओलावा लागू दिला नाही, तर ती रासायनिक दृष्ट्या दीर्घ काळ स्थिर राहते. नायट्रोसेल्युलोजाची गोष्ट वेगळी होती. १८४७ साली इंग्लंडमधील फॅव्हरशॅम येथे त्याच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. पुढे फ्रेडरिक एबल यांनी कापसाच्या धाग्यांत अडकून राहिलेले अम्ल काढून टाकण्यासाठी त्याचा लगदा करून तो पुनःपुन्हा धुण्याची पद्धत रूढ केली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजापासून रायफलीस योग्य अशी धूमहीन दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती वापरात आली. १८८९ मध्ये एबल व जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट तयार केले. आरंभीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के नायट्रोसेल्युलोज व ५ टक्के खनिज जेली असे.

या दारूंचे विघटन सामान्य तापमानासही मंद गतीने चालू असते. त्यातून निघणारी नायट्रोजनाची ऑक्साइडे पुढील विघटनास चालना देतात. म्हणजे बिघाड एकदा सुरू झाला की, तो स्वतःच वाढत जातो. तापमान १० °से. ने वाढल्यास विघटनाचा वेग किमान दुप्पट होतो. ही ऑक्साइडे शोषून घेणारा स्थिरकारक पदार्थ दारूत असावा लागतो. कॉर्डाइटमधील खनिज जेली प्रथम नळीची झीज कमी व्हावी म्हणून घातली होती. तिचा खरा उपयोग स्थिरकारक म्हणून आहे, हे मागाहून लक्षात आले. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ व १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या फ्रेंच युद्धनौकांवर स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली. दोन्ही दुर्घटनांत तोफांसाठी वापरलेल्या त्याच जातीच्या दारूच्या विघटनाकडे बोट दाखविले गेले. त्यानंतर फ्रान्समध्ये स्थिरकारक म्हणून वापरात असलेल्या अमिल अल्कोहॉलाची जागा डायफिनिल अमाइनाने घेतली.

स्थिरतेच्या कसोट्या : एबल यांच्या उष्णता कसोटीत दारूचा नमुना ठराविक तापमानास तापवून, पोटॅशियम आयोडाइड व स्टार्च लावलेल्या कागदावर रंगीत रेघ उमटण्यास किती मिनिटे लागतात ते पाहतात. ही कसोटी सोपी असली, तरी फसवी ठरू शकते. दारूत मर्क्युरिक क्लोराइडाचा अल्प अंश असला, तरी रेघ उशिरा उमटते व खराब माल चांगला भासतो. म्हणून अधिक तापमानाच्या कसोट्या पुढे आल्या. बेर्गमान-युंक कसोटीत १३२ °से. तापमानास निघणारी ऑक्साइडे मोजतात, तर रजतलेपित पात्राच्या कसोटीत ८० °से. तापमानास दारू स्वतःहून तापू लागेपर्यंतचा काळ मोजतात. प्रयोगशाळेबाहेर मात्र झोंबणारा आंबूस वास, तांबूस धूळ व कवचाच्या आतील हिरवट गंज हीच विघटनाची उघड लक्षणे होत.

पितळ व मॉन्सून : कवचाच्या पितळात सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. ब्रिटिश अमदानीत भारतातील लष्कराच्या असे निदर्शनास आले की, पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे पुढे बाहेर काढल्यावर त्यांची कवचे तडकलेली असत. हवामानाशी संबंध दिसल्यामुळे या दोषास ‘ऋतुभेग’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून घडविताना पितळात राहिलेला ताण यांच्या संयुक्त परिणामाने भेगा पडत होत्या. कवच घडविल्यावर मंद उष्णता देऊन हा ताण घालविणे, हा त्यावरील उपाय होय. ताण शिल्लक आहे का, हे मर्क्युरस नायट्रेटाच्या विद्रावात कवच बुडवून पाहतात. मानेवर भेग असलेले काडतूस उडविल्यास तप्त वायू मागे येऊन नेमबाजाच्या डोळ्यांस इजा होऊ शकते.

टोपी : टोपीतील पारायुक्त मिश्रणाने कवच ठिसूळ होते, हे धूमहीन दारू आल्यावर प्रकर्षाने जाणवले. त्याऐवजी प्रामुख्याने पोटॅशियम क्लोरेटाची मिश्रणे वापरात आली. त्यांच्या ज्वलनाने नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. ते हवेतील ओलावा ओढून घेते व नळी गंजते. हा क्षार तेलाने निघत नाही, पाण्यात मात्र विरघळतो. म्हणूनच ब्रिटिश सैनिकांना नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त लावलेली होती. जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात लेड स्टिफ्नेटयुक्त गंजरहित टोप्या निघाल्या; परंतु अमेरिकी लष्कराने त्या १९५० नंतरच स्वीकारल्या. म्हणून त्यापूर्वीची बहुतेक लष्करी काडतुसे क्षारयुक्त टोप्यांची समजूनच नळी स्वच्छ करावी लागते.

नमुनापरीक्षा : एकाच वेळी, त्याच घटकांपासून तयार झालेल्या काडतुसांच्या समूहास लॉट म्हणतात. उडविलेले काडतूस पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे लॉटमधील काही नमुने उडवून उरलेल्यांविषयी अनुमान करावे लागते. गोळीचा वेग, नळीतील दाब, अचूकता आणि चाप ओढल्यापासून स्फोटापर्यंतचा काळ यांची नोंद केली जाते. हा काळ लांबल्यास त्यास विलंबित स्फोट म्हणतात. पहिल्या महायुद्धात विमानाच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून मशीनगन चालविली जाई. अशा वेळी क्षणाचाही विलंब पाते फोडू शके. म्हणून ब्रिटिशांनी ०·३०३ इंची काडतुसांतून निवडक काडतुसे ‘ग्रीन क्रॉस’ या नावाने वेगळी काढली. सामान्य पायदळास चालणारे काडतूस वैमानिकास चालत नसे. यावरून गुणवत्ता ही उपयोगसापेक्ष असते, हे स्पष्ट होते.

अतिरिक्त व बाद साठा : लष्कराबाहेर पडणारा साठा दोन प्रकारचा असतो. शस्त्राचा नमुना बदलल्यामुळे किंवा युद्ध संपल्यामुळे गरज न उरलेला साठा अतिरिक्त होय. परीक्षेत न उतरलेला साठा बाद होय. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. अमेरिकेत १९०५ च्या कायद्याने अतिरिक्त रायफली व काडतुसे नेमबाजी मंडळांना विकण्याची मुभा मिळाली, तर दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांचे साठे खुल्या बाजारात आले. ते हातोहात जाताना मूळ पेट्या बदलल्या व निरनिराळे लॉट एकत्र मिसळले गेले. अशा मिश्र साठ्यातील दहा काडतुसे नीट उडाली, तरी अकराव्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. बुडावरील ठशावरून कारखाना व वर्ष कळते, उदा., ब्रिटिश नमुन्याच्या काडतुसावरील ‘झेड’ हे अक्षर कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू असल्याचे दर्शविते. परंतु काडतूस कोठे व कसे साठविले, हे ठसा सांगत नाही. ते फक्त मोहोरबंद मूळ पेटी व कोठाराची नोंदवही यांवरूनच कळते. गंज घासून चकचकीत केलेली, तेल लागलेली, सैल गोळीची किंवा भेग पडलेली काडतुसे त्याज्य समजावीत. बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. फुसका बार झाल्यास गोळी नळीत अडकलेली असण्याचा संभव असतो. म्हणून नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत दुसरे काडतूस भरू नये.

भारत : पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथील काडतुसांवर ‘के एफ’ ही अक्षरे आढळतात. ०·३०३ इंची रायफल सैन्यातून मागे पडल्यावरही पोलीस दलांत दीर्घ काळ टिकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. निकामी दारूगोळा नष्ट करणे हेही जोखमीचेच काम आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ असे काम चालू असता झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. साठ्याची वेळोवेळी परीक्षा करणे, लॉटनिहाय नोंद राखणे व शंकास्पद माल वेळीच वेगळा काढणे, यांवरच वापरणाऱ्याची व साठा हाताळणाऱ्या कामगारांची सुरक्षितता अवलंबून असते.