दोन दप्तरांतील एक माणूस

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे तरुण जाणत्यांना एक प्रश्न वारंवार विचारीत असतात. एकाच माणसाच्या नोंदी दोन दप्तरांत सापडल्या, तर त्या एकत्र कशा कराव्यात? प्रश्न यंत्राचा वाटतो. परंतु त्याचे मर्म आदिलाबादच्या इतिहासात उमगते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला; त्यातील किनवट व राजुरा हा प्रदेश मुंबई राज्यास मिळाला आणि राजुरा 1959 साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. मात्र सीमेवरील डोंगरांत परमडोली, मुकदमगुडा यांसारख्या गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. महाराष्ट्राच्या दप्तरी ही गावे आज जिवती तालुक्यात आहेत. तेलंगणाच्या दप्तरी ती 2016 पर्यंत आदिलाबादेत होती व त्यानंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आली. परिणामी एकाच घरी दोन राज्यांच्या शिधापत्रिका आल्या आणि एकच नाव दोन मतदारयाद्यांत चढले.

असाच पेच रुग्णालयांपुढेही होता. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रुग्णांच्या नोंदींसाठी 'मम्प्स' ही संगणकभाषा निर्माण झाली. 1978 साली स्थापन झालेल्या इंटरसिस्टिम्स कंपनीचा डेटाबेस त्याच वंशातला; भिन्नभिन्न दप्तरे जोडण्याचे कामही तो करतो. प्रयोगशाळेतील रुग्ण व वॉर्डातील रुग्ण एकच आहे असे दिसले, तरी शहाणा आज्ञावलीकार एक नोंद पुसून टाकीत नाही. दोन्ही नोंदी त्यांच्या उगमासह व तारखेसह राखून तो त्यांना एक सामायिक ओळखक्रमांक देतो. कारण जोडणी चुकली, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावे लागावयाचा; मूळ नोंदी शाबूत असल्या, म्हणजे चूक उलगडता येते.

आपल्याकडे असा क्रमांक 'आधार'ने दिला. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी त्याचा आरंभ झाला. परंतु आधार सांगतो तो माणूस कोण एवढेच. त्याचे गाव कोणत्या राज्याचे, हे सांगणे त्याचे काम नव्हे. तो निर्णय शासनाचा व न्यायासनाचा. तो होण्यापूर्वीच एखाद्या आज्ञावलीने 'दुबार' म्हणून एक नोंद पुसली, तर त्या नोंदीबरोबर कुणाचे धान्य जाईल, कुणाचे मत जाईल. तेव्हा प्रश्नकर्त्या तरुणास पहिले उत्तर हेच द्यावयास हवे: नोंदी अवश्य जोडाव्यात, परंतु ज्याची नोंद, त्याला विचारल्यावाचून एकही पुसू नये.