लुट्झ फानेनश्टील

लुट्झ फानेनश्टील (जन्म: १२ मे, १९७३, त्स्वीझेल, बव्हेरिया, तत्कालीन पश्चिम जर्मनी) हे जर्मनीचे निवृत्त व्यावसायिक फुटबॉल गोलरक्षक आणि क्रीडा व्यवस्थापक आहेत. फिफाच्या सहाही खंडीय महासंघांच्या क्षेत्रांत व्यावसायिक फुटबॉल खेळणारे पहिले खेळाडू म्हणून ते ओळखले जातात. सुमारे दोन दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी २० हून अधिक क्लबांशी करार केले. या काळात त्यांना सिंगापूरमध्ये कारावास भोगावा लागला, तसेच इंग्लंडमधील एका सामन्यात जीवघेणी दुखापतही झाली.

सुरुवातीचा काळ

फानेनश्टील यांनी जर्मनीच्या १७ वर्षांखालील राष्ट्रीय संघाचे प्रतिनिधित्व केले. त्यानंतर ते बव्हेरियातील बाड क्योट्झटिंग या क्लबकडून खेळत होते. बायर्न म्युनिक या नामांकित क्लबने त्यांना आपल्या हौशी संघात येण्याचा प्रस्ताव दिला. परंतु मुख्य संघात स्थान मिळण्याची शक्यता कमी असल्याने त्यांनी तो नाकारला आणि मलेशियातील पेनांग संघाशी करार केला.

या निर्णयामागे गोलरक्षकाच्या भूमिकेचे वेगळेपण होते. संघात बचावपटू किंवा आघाडीचे खेळाडू अनेक असतात व सामना चालू असताना त्यांची अदलाबदलही होते. गोलरक्षकाची जागा मात्र एकच असते आणि पहिल्या पसंतीचा गोलरक्षक जायबंदी किंवा निलंबित झाल्याखेरीज राखीव गोलरक्षकाला सहसा संधी मिळत नाही. त्यामुळे मोठ्या क्लबमध्ये राखीव म्हणून बसून राहणे किंवा लहान क्लबमध्ये नियमित खेळणे, असे दोनच पर्याय अनेक गोलरक्षकांपुढे असतात. फानेनश्टील यांनी बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडला. इंग्लंडमधील विम्बल्डन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबांशी त्यांचे करार झाले होते, तरी तेथील मुख्य संघात ते स्थिरावू शकले नाहीत.

सहा महासंघांतील प्रवास

फानेनश्टील यांचे काही प्रमुख क्लब महासंघांनुसार पुढीलप्रमाणे आहेत:

• आशिया (एएफसी): पेनांग (मलेशिया), सेम्बावांग रेंजर्स व गेलांग युनायटेड (सिंगापूर)
• आफ्रिका (सीएएफ): ऑरलँडो पायरेट्स (दक्षिण आफ्रिका), रॅम्बलर्स (नामिबिया)
• युरोप (यूएफा): हाका (फिनलंड); वाकर बुर्गहाउझेन (जर्मनी); ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू (इंग्लंड); बेरुम (नॉर्वे); व्लाझ्निया (आल्बेनिया)
• ओशनिया (ओएफसी): डनीडन टेक्निकल व ओटॅगो युनायटेड (न्यू झीलंड)
• उत्तर अमेरिका (कॉनकाकॅफ): कॅलगरी मस्टँग्स व व्हँकूव्हर व्हाइटकॅप्स (कॅनडा)
• दक्षिण अमेरिका (कॉनमेबॉल): क्लुबे ॲटलेटिको हरमान आयशिंगर (ब्राझील)

२००८ साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातील हरमान आयशिंगर या क्लबशी झालेल्या करारामुळे सहा महासंघांचे वर्तुळ पूर्ण झाले.

सिंगापूरमधील कारावास

गेलांग युनायटेडकडून खेळत असताना फानेनश्टील यांच्यावर सामनानिश्चितीचा आरोप ठेवण्यात आला. सिंगापूरच्या न्यायालयाने २००१ साली त्यांना दोषी ठरवून ५ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. १०१ दिवसांनंतर त्यांची सुटका झाली. फानेनश्टील यांनी हा आरोप सातत्याने नाकारला असून आपण निर्दोष असल्याची भूमिका कायम ठेवली आहे. सुटकेनंतर त्यांनी न्यू झीलंडमधील डनीडन टेक्निकल या क्लबकडून पुन्हा खेळण्यास सुरुवात केली.

२००२ मधील दुखापत

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू या कनिष्ठ श्रेणीतील क्लबकडून खेळताना २६ डिसेंबर, २००२ रोजी हॅरोगेट टाउनविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूशी त्यांची धडक झाली. छातीवर झालेल्या आघातामुळे त्यांचा श्वास मैदानावरच तीन वेळा थांबला. क्लबच्या फिजिओथेरपिस्टने तातडीने कृत्रिम श्वासोच्छ्वास दिल्यामुळे त्यांचे प्राण वाचले. या घटनेनंतरही त्यांनी खेळणे सोडले नाही.

निवृत्तीनंतरचे कार्य

कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यात फानेनश्टील यांनी नामिबियातील रॅम्बलर्स या क्लबमध्ये खेळण्याबरोबरच प्रशिक्षकाची जबाबदारीही सांभाळली. हवामानबदलाविषयी जागृती करण्यासाठी त्यांनी ग्लोबल युनायटेड एफसी हा उपक्रम सुरू केला. माजी फुटबॉल खेळाडूंचे प्रदर्शनीय सामने भरवणे हा या उपक्रमाचा एक भाग आहे.

२०११ पासून त्यांनी जर्मनीतील होफेनहाइम या क्लबसाठी नवोदित खेळाडूंचा शोध घेण्याचे काम केले. डिसेंबर २०१८ मध्ये ते फोर्टुना ड्युसेलडॉर्फ या क्लबच्या व्यवस्थापनात दाखल झाले. २०२० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस सिटी या नव्या क्लबने त्यांची क्रीडा संचालक म्हणून नेमणूक केली. मेजर लीग सॉकरमधील २०२३ च्या आपल्या पहिल्याच हंगामात या संघाने सुरुवातीचे पाचही सामने जिंकले आणि साखळी फेरीअखेर पश्चिम विभागात पहिले स्थान मिळवले. २०२५ मध्ये फानेनश्टील यांनी हे पद सोडले.

आत्मचरित्र

फानेनश्टील यांचे जर्मन भाषेतील आत्मचरित्र २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली.

मूल्यमापन

फानेनश्टील जर्मनीच्या वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून कधीही खेळले नाहीत. बुंडेसलिगा या जर्मनीतील सर्वोच्च साखळी स्पर्धेतही त्यांनी एकही सामना खेळला नाही. विजेतेपदे किंवा आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या या प्रचलित निकषांवर त्यांची कारकीर्द सामान्य ठरते. तथापि प्रसिद्धीच्या झोतापासून दूर, अल्प मुदतीच्या करारांवर देशोदेशी फिरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंच्या जीवनातील संधी, अस्थिरता आणि धोके यांचे त्यांची कारकीर्द हे एक ठळक उदाहरण आहे. या भटकंतीत मिळालेला विविध देशांतील फुटबॉलचा परिचय त्यांना पुढे खेळाडूंचा शोध व संघबांधणी या क्षेत्रांत उपयोगी पडला.