बाळ आणावयास कोणी जावे?

दत्तक मुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्यातील एका लहानशा गोष्टीचा मागोवा घ्यावयाचा आहे. एका देशातील मूल दुसऱ्या देशातील घरी जाते तेव्हा प्रवास कोणी करावयाचा? मुलाने आईबापांकडे यावयाचे, की आईबापांनी मुलाकडे जावयाचे? प्रश्न वरवर पाहता तिकिटाच्या खर्चाचा वाटतो; परंतु गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे त्यात किती जणांची आयुष्ये अडकली आहेत हे ध्यानी येते.

आरंभ कोरियापासून करू. १९५३ साली तेथील युद्ध थांबले आणि हजारो मुले रस्त्यावर आली. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील हॅरी होल्ट नावाचा शेतकरी १९५५ साली स्वतः कोरियास गेला. घरी पत्नी बर्था आणि पोटची सहा मुले होती. एवढी परदेशी मुले एकाच घरी आणण्यास कायदा आड येत होता, म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. त्या ऑक्टोबरात होल्ट बारा मुलांना घेऊन परतला. त्यांपैकी आठ त्याची स्वतःची झाली.

होल्ट मुलांकडे गेला होता हे खरे, पण त्याने जी वाट पाडली तिच्यावरून पुढे आईबाप क्वचितच गेले. अमेरिकेतील जोडप्याने मुखत्यारपत्र लिहून द्यावयाचे, त्याच्या आधारे कोरियात दत्तकविधी उरकावयाचा आणि मुले भाड्याच्या विमानातून पाठवून द्यावयाची, अशी पद्धत रूढ झाली. मनगटाला नावाची पट्टी बांधलेले मूल विमानतळावर अनोळखी हातांत पडे. १९६१ साली अमेरिकेने कायदा बदलला: पतिपत्नीने मूल प्रत्यक्ष पाहिलेले असावे, अथवा मूल अमेरिकेत आल्यावर तेथील नियमांप्रमाणे त्याचा दत्तकविधी व्हावा. या 'अथवा'ने मोठीच पळवाट ठेवली. कोरियाची मुले पुढेही कित्येक वर्षे सोबत्यांच्या कडेवर बसूनच गेली. हे सोबती पुष्कळदा सवलतीच्या तिकिटाने प्रवास करणारे विद्यार्थी असत.

आता आयर्लंडकडे वळू. हा भाग आम्हां कॅथलिकांना वाचावयास जड जाईल, पण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत दोन हजारांहून अधिक आयरिश मुले अमेरिकेत दत्तक गेली. बहुतेक अविवाहित मातांची, धर्मभगिनींच्या आश्रमांत जन्मलेली. डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅकक्वेड यांनी दत्तक घेणाऱ्यांसाठी अटी घातल्या होत्या. दांपत्य श्रद्धावंत कॅथलिक असावे हा त्यांतील मुख्य आग्रह. मुलाचा धर्म राखला जावा याची काळजी कसोशीने घेतली गेली. आईचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

रॉस्क्रे येथील आश्रमातील फिलोमिना ली हिची कथा २००९ साली आलेल्या मार्टिन सिक्सस्मिथ यांच्या पुस्तकामुळे आणि २०१३ च्या चित्रपटामुळे जगाला कळली. तिचा मुलगा अँथनी तीन वर्षांचा होता. १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून एक बाई आश्रमात आली ती एका मुलीला पाहावयास. तिथे अँथनीही तिच्या मनात भरला आणि दोघांनाही नेण्याचे ठरले. म्हणजे येथे नवी आई समुद्र ओलांडून मुलाकडे आली होती. मात्र त्याच आश्रमाच्या धुलाईघरात त्याची जन्मदाती राबत होती. मुलाला निरोप देण्याचीही संधी तिला मिळाली नाही. पुढे तो मुलगा मायकल हेस या नावाने अमेरिकेत नामांकित वकील झाला. आईचा माग काढीत तो रॉस्क्रेला आला, तीही चौकशी करीत राहिली. दोघांची भेट झाली नाही. १९९५ साली तो वारला आणि त्याच्या इच्छेनुसार रॉस्क्रेतच पुरला गेला. आईला मुलगा सापडला तो थडग्यावरील नावात. २०१४ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी तिला रोममध्ये भेट दिली.

या सुमारास आपल्याकडे काय घडत होते तेही सांगितले पाहिजे. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलांना दूरचा, जिवावरचा प्रवास घडतो, अशी त्यांची एक तक्रार होती. न्यायमूर्ती भगवती यांनी ते पत्रच याचिका मानले आणि १९८४ साली निकाल दिला. मूल प्रथम देशातच कोणी घेते का ते पाहावे, परदेशी कुटुंबाची तेथील मान्यताप्राप्त संस्थेने घरी जाऊन चौकशी केलेली असावी, आणि जन्मापूर्वी वा जन्मानंतरच्या तीन महिन्यांत आईकडून मूल सोडण्याचा निर्णय घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. आईला विचार करावयास अवधी द्यावा, हे वाक्य आमच्या मते त्या निकालाचे काळीज होय. (जाता जाता: ख्रिस्ती माणसाला त्या काळी या देशात दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९० च्या कायद्याखाली आपण नुसते पालक होत असू, आणि परदेशी जोडपीही त्याच कायद्याने मूल नेत. ही उणीव २००० च्या बालन्याय कायद्याने व त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने भरून निघाली.)

आईबापांनी मुलाकडे गेलेच पाहिजे, हा नियम मोठ्या प्रमाणावर अमलात आला तो चीनमध्ये. एकच मूल असण्याच्या सक्तीमुळे तेथील अनाथालये मुलींनी भरली होती. १ एप्रिल १९९२ पासून लागू झालेल्या कायद्याने परदेशीयांना दार उघडले, पण अट घातली: स्वतः येऊन नोंदणी करावी. मग दहा-दहा, पंधरा-पंधरा कुटुंबांचे तांडे निघू लागले. अंगठ्याएवढा एक फोटो महिनोन्महिने पाकिटात जपलेली ही माणसे प्रांताच्या राजधानीत उतरत. तेथील सरकारी कचेरीत किंवा हॉटेलातच आया मुलींना घेऊन येत, नावे पुकारली जात. मुली बहुधा रडत. आयाच्या मानेला मिठी मारून बसत. आजवर त्यांना तेच एक ओळखीचे माणूस होते. अनाथालयास तीन हजार डॉलर द्यावे लागत. फोटोत हसणारे बाळ हातात येताच किंचाळते, तेव्हा आपण हे कोणाकडून काढून घेत आहो, हा विचार कित्येकांच्या मनात प्रथमच आला असेल. घरबसल्या विमानाची वाट पाहणाऱ्यास तो सुचणे कठीण.

अमेरिकन कुटुंबांचा शेवटचा मुक्काम ग्वांगझौ शहरी. शामियान बेटावरील व्हाइट स्वान हॉटेलाशेजारी अमेरिकेची वकिलात होती, तेथे व्हिसा मिळे. बेटावरच्या दुकानांत बाबागाड्या मिळत. हॉटेलच्या लाल कोचावर सगळ्या मुलींना ओळीने बसवून फोटो काढण्याची रीतच पडली. २००५ या एकाच वर्षी सुमारे ७,९०० मुले चीनमधून अमेरिकेत गेली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हुनान प्रांतातील प्रकरण उघडकीस आले. काही अनाथालये दलालांना पैसे देऊन बालके विकत घेत होती. २००६ साली न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या. म्हणजे ज्यांनी हजारो मैल येऊन मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यांनाही ते कोठून आले हे दिसले नव्हते. त्यांच्या वाटेवर कचेरी होती, अनाथालय होते, हॉटेल होते. जन्मदात्या आईचे घर नव्हते. कोरियातही हेच. २०२५ च्या मार्चमध्ये तेथील सत्यशोधन आयोगाने जाहीर केले, की आईबाप हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद केली गेली होती आणि मुलांच्या ओळखीची अदलाबदलही झाली होती.

चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ पूर्णपणे बंद केले. तोवर दीड लाखाहून अधिक मुले तेथून गेली होती. शामियान बेटावरील वकिलात २०१३ सालीच नव्या जागी गेली. तरी त्या हॉटेलात अजून काही पाहुणे येतात. त्या आता तरुण मुली आहेत. सोबत कधी त्यांचे आईबापही असतात. दत्तक देण्यापूर्वी सापडलेल्या बालकाची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रात द्यावी लागे. त्या जुन्या जाहिरातीचे कात्रण काहींजवळ असते. त्यात बाळाचा फोटो असतो आणि ते कोठे सापडले ते ठिकाण: एखाद्या बाजाराचे, रुग्णालयाचे वा शाळेचे फाटक. त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहतात आणि आसपासच्या वयस्कर बायकांना दुभाष्याकरवी विचारतात, की त्या सकाळी तुम्ही येथे होता का.