रेडिओ दुरुस्ती
रेडिओ दुरुस्ती : बंद पडलेल्या अथवा सदोष चालणाऱ्या रेडिओ ग्राहीतील (प्रक्षेपित संदेश ग्रहण करणाऱ्या संचातील) दोषाचे स्थान निश्चित करणे व सदोष घटक काढून त्या जागी योग्य घटक बसविणे, या क्रियेस रेडिओ दुरुस्ती म्हणतात. यांपैकी दुसरे काम डाख देता येणाऱ्या कोणासही साधते. पहिले काम हेच या व्यवसायाचे खरे कौशल्य होय. त्यामुळे या व्यवसायाचा इतिहास हा मुख्यतः दोषशोधनाच्या पद्धतींचा, तसेच त्यासाठी लागणारी माहिती व सुटे भाग कारागिराच्या हाती कितपत राहिले याचा इतिहास आहे.

प्रारंभीच्या काळात स्वतंत्र दुरुस्तीकाराची गरज फारशी भासत नसे. हौशी लोक आपले संच स्वतःच जुळवीत आणि ज्याने संच जुळविला त्यालाच तो दुरुस्त करता येई. मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले, ते अशा हौशी मंडळींसाठीच होते. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. पुढे घरगुती विद्युत् पुरवठ्यावर चालणारे, कारखान्यात तयार झालेले संच आले. त्यांचा मालक केवळ श्रोता होता. संचाच्या मागील पुठ्ठ्याआड काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि येथेच दुरुस्तीचा व्यवसाय जन्मास आला.

या व्यवसायाचे मुख्य उपकरण म्हणजे विद्युत् दाब, प्रवाह व रोध ही तिन्ही मापे घेणारा मापक. ब्रिटिश डाकखात्यातील अभियंता डॉनल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून तयार झालेला ‘ॲव्हो’ मापक १९२३ मध्ये बाजारात आला. मापकाइतकेच महत्त्व मंडलाकृतीला होते. अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांच्या मंडलाकृती जाडजूड खंडांत एकत्र आणल्या. आल्फ्रेड गिरार्डी यांचा दुरुस्तीविषयक ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या हॉवर्ड सॅम्स यांच्या संस्थेने तर बाजारातील संच आणून, उघडून, त्यांची छायाचित्रे व मापे प्रसिद्ध करण्याचा क्रम ठेवला. उत्पादकांची स्वतःची माहितीपत्रके बहुधा अधिकृत विक्रेत्यांपुरतीच असत; हे लक्षात घेता या प्रकाशनांनी गल्लीतील दुकानदाराला केवढे बळ दिले असेल याची कल्पना येते.

दोषशोधनाची पद्धत संचाच्या रचनेतूनच निघाली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधून काढलेली सुपरहेटरोडाइन रचना १९३० नंतर सर्वत्र रूढ झाली. तीत आकाशकाकडून आलेला संदेश एकामागून एक टप्प्यांतून जातो. प्रथम त्याची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) बदलून एका ठराविक मूल्यावर, बहुधा ४५५ किलोहर्ट्‌झवर, आणली जाते. तेथे त्याचे विवर्धन होते, मग त्यातून ध्वनिसंदेश वेगळा काढला जातो आणि तो पुन्हा विवर्धित होऊन ध्वनिक्षेपकास मिळतो. ही साखळी मध्येच तपासली, तर दोष अलीकडे आहे की पलीकडे हे एका फटक्यात कळते. उरलेला भाग पुन्हा निम्मा करावयाचा. यासाठी नेहमीच उपकरण लागे असे नाही. ध्वनिविवर्धकाच्या पहिल्या नलिकेच्या नियंत्रक जालकाला बोट लावले असता ध्वनिक्षेपकातून मोठी घरघर ऐकू आली, तर तेथून पुढचा सर्व भाग ठीक आहे असे समजत. कारण मानवी शरीर घरातील विद्युत् तारांपासून सूक्ष्म दाब ग्रहण करते. जालकाचे टोक अनेक नलिकांच्या माथ्यावरच असल्याने हे सोयीचे होई. मात्र धनाग्रावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असे, म्हणून एक हात खिशात ठेवून काम करावे अशी शिकवण नवशिक्यास मिळे. संदेशाचा टप्प्याटप्प्याने माग काढण्याच्या या पद्धतीस रायडर यांनी १९३९ मधील पुस्तकात व्यवस्थित रूप दिले.

केवळ विचाराने दोष सापडू शकतो, याचे एक उदाहरण भौतिकीतील नोबेल पारितोषिकाचे मानकरी रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या आठवणींत दिले आहे. मंदीच्या काळात शाळकरी वयात ते शेजारपाजारचे संच दुरुस्त करीत. एक संच सुरू करताच प्रचंड गोंगाट करी व नलिका तापल्यावर मात्र नीट वाजे. मुलगा काही न करता येरझाऱ्या घालतो हे पाहून मालक वैतागला. नलिका चुकीच्या क्रमाने तापत असाव्यात असे अनुमान करून फाइनमन यांनी नलिकांच्या जागा बदलल्या आणि गोंगाट थांबला.

नलिकायुक्त संचांतील दोष बरेचसे ठराविक असत. गाळणीतील विद्युत् विच्छेद्य धारित्र सुकले की खर्जातील गुणगुण सुरू होई. मेण लावलेल्या कागदाच्या धारित्रातून दाब झिरपू लागला की आवाज फाटे व अंतिम नलिका तापून निकामी होई. प्रत्यावर्ती व एकदिश अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या संचांत नलिकांचे तापक एकसरीत जोडलेले असत. त्यांतील एक जळाला की सर्व नलिका विझत. कोकणासारख्या दमट हवेत वेटोळ्यांची केसासारखी तांब्याची तार हिरवी पडून तुटे. संचाच्या उबेला झुरळे व उंदीर येत, हे कोणत्याही इंग्रजी ग्रंथात पुरेसे सांगितलेले नसले तरी येथील दुरुस्तीकार प्रथम तेच पाही.

भारतात स्वातंत्र्यानंतर रेडिओचा प्रसार वाढला, तसा हा व्यवसाय तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या कामाचे शिक्षण मिळू लागले; तथापि बहुतेक जण उस्तादाच्या हाताखालीच शिकले. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता व पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सु. दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. गावाचा एकच सामुदायिक संच बंद पडला तर ती संध्याकाळ वाया जाणार, अशा ठिकाणी दुरुस्ती ही खाजगी सोय राहत नाही.

ट्रँझिस्टरमुळे (शोध १९४७, पहिला विक्रीयोग्य ट्रँझिस्टर रेडिओ १९५४) धोकादायक दाब गेला व नलिका बदलण्याचे कामही संपले. नवे दोष आले : गळक्या विद्युत् घटांनी गंजलेले स्पर्शक, मुद्रित मंडलावरील तडकलेले पट्टे, कच्चा डाख. जर्मेनियमाचा ट्रँझिस्टर डाखणीच्या उष्णतेने बिघडे, म्हणून त्याचे टोक चिमट्यात धरून डाख देत. मुद्रित मंडलाविषयी दुरुस्तीकारांत इतकी नाराजी होती, की झेनिथ ही अमेरिकन कंपनी आपले दूरचित्रवाणी संच हाताने जोडलेले असल्याची जाहिरात करी. मोटोरोलाने १९६७ मध्ये उलट वाट धरली व मंडलाचे तुकडे खणासारखे बाहेर काढता येतील असा संच आणला. घटकाऐवजी संपूर्ण फलक बदलण्याची प्रथा तेथून बळावली.

संकलित मंडलांनी (आयसी) अनेक टप्पे एकाच बंद तुकड्यात आणले. मधल्या जोडणीला बोट लावण्यास जागाच उरली नाही. पुढे घटक इतके लहान झाले, की भिंगाशिवाय ते दिसेनात, आणि मंडलाकृती मिळणेही दुरापास्त झाले. तरीही ओळखीचे दोष संपले नाहीत. २००० च्या आसपास सदोष विद्युत् विच्छेद्य धारित्रे फुगून असंख्य संगणक व अन्य संच बंद पडले, तेव्हा जुन्या कारागिरांना ते नुसत्या नजरेने ओळखता आले. माहिती व सुटे भाग ग्राहकास मिळावेत ही मागणी कायद्यापर्यंत पोहोचली असून भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये निदेश काढला.

नलिकायुक्त संचांची दुरुस्ती आता मुख्यतः संग्राहकांसाठी होते. वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम पूर्ण दाबावर लावीत नाहीत. प्रथम एक विजेचा दिवा त्याच्याशी एकसरीत जोडतात. आत कोठे मंडल संक्षेप झाला असेल, तर दिवा प्रखर पेटतो व संच वाचतो. कागदी धारित्राचे मूळ आवरण जपण्यासाठी काही कारागीर ते पोकळ करून त्यात नवे धारित्र बसवितात.